मेंढपाळाचं वकीलपत्र

ऐकलंत का? चिखलीतल्या एका लग्नात परवा डीजे नव्हता!

आधी सगळ्यांना वाटलं, पैशांवरून डीजेवाल्याशी फाटलं असेल. तसं काही नाही. नवरदेवाचीच अट होती म्हणे. हुंडा नको, मानपान नको, पण जेवणावळीला 'सॉफ्ट म्युझिक' पाहिजे. झालं. पंगतीत बट्ट्या, वरण, वांग्याची झणझणीत भाजी आणि स्पीकरवर बासरी. नुसती बासरी! मधूनच काचेच्या गोट्या जिन्यावरून सोडाव्यात तसं काहीतरी किणकिणायचं आणि पुन्हा बासरी. नवरीच्या मावशीला शेवटी राहवेना. शेजारणीच्या कानाशी लागून तिनं विचारलंच, "काय वं बाई, कोणी गेलं काय यायच्या घरात?"

मावशीला हसू नका. दूरदर्शनचं एकच चॅनल होतं तेव्हाची ती बाई. दिल्लीत कोणी मोठा पुढारी गेला की दिवसभर सारंगी चालायची आणि चित्रहार रद्द व्हायचा. इतकं हळू वाद्य कानावर आलं की आमच्या पिढीचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे जातो.

पण प्रकरण एका लग्नापुरतं राहिलेलं नाही, दुखणं ते आहे. जिल्हाभर ही साथ पसरली आहे. बुलढाण्यात दाताच्या डॉक्टरकडे जा, आत दाढ उपटणं चालू असतं आणि बाहेर संतूर. खामगावात दाढी करायला बसा, वस्तरा गळ्यावर आणि पहाडी कानात. शेगावच्या लॉजवर, मलकापूरच्या योगवर्गात, पोरांच्या अभ्यासिकेत, सगळीकडे तेच 'रिलॅक्सिंग इन्स्ट्रुमेंटल'. काल-परवापर्यंत मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे नाचून ज्याचे कान बधिर झाले, तोच पोट्टा आता मोबाईलवर चार तासांची बासरी लावून झोपतो आणि सकाळी आईला सांगतो, "मन कसं शांत वाटते." भेंडवळच्या घटमांडणीत पावसाचं, पिकाचं, देशाच्या राजाचंसुद्धा भाकीत होतं. हे संकट मात्र एकाही घटात दिसलं नाही.

दोष कुणाला द्यायचा? सोपं आहे, नेहमीप्रमाणे पुण्या-मुंबईला. नाहीतर मोबाईलला. आमच्या कट्ट्यावर हाच ठराव झाला. मीही मान डोलावली होती, पण मग नसती चौकशी करायची खोड नडली. ही गुळगुळीत, गोड, कुणालाही न बोचणारी रेकॉर्ड मुळात आणली कुणी याचा माग काढत गेलं, तर तो पुण्याकडे वळेचना. तो निघाला थेट मेहकरकडे. आपल्या मेहकरकडे! सांगायला लाज वाटते, पण या भानगडीच्या मुळाशी दोन वकील आहेत आणि त्यातला एक घरचाच आहे.

पहिला आरोपी नागोराव घनश्याम देशपांडे. कवी ना. घ. देशपांडे म्हटलं की ओळखाल. जन्म 1909 चा, सिंदखेडराजा तालुक्यातल्या शेंदुर्जनचा. मेहकरला वकिली केली आणि आयुष्य तिथंच काढलं. माणूस दिसायला निरुपद्रवी. कोर्टात दिवाणी-फौजदारी, घरी कविता. ना पुण्याच्या साहित्यिक कंपूत ऊठबस, ना मुंबईला मुक्काम. पण यांनी एक कविता लिहिली, तिचं नाव 'शीळ'. विषय काय? रानातून येणारी शीळ आणि ती ऐकून एका बाईच्या जिवाची झालेली अवस्था. बघा म्हणजे! कायद्याचा अभ्यास केलेला माणूस, आणि रानात शीळ कोण घालतं, ती कोण ऐकतं याच्या चौकशा!

कविता कागदावर राहिली असती तर एवढं बिघडलं नसतं. कविता वाचतंय कोण? पण दुसरा आरोपी इथंच रंगमंचावर येतो. गोविंद नारायण तथा जी. एन. जोशी. हेही 1909 चेच, आणि यांनीही कायद्याची पदवी घेतलेली. या गृहस्थांनी ती कविता उचलली, तिला चाल लावून गायली आणि 1932 च्या आसपास तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताची गोष्ट सांगायला बसलेला कुणीही पहिलं बोट ठेवतो ते याच तबकडीवर.

त्या काळी हे किती चावट वाटलं असेल याचा विचार करा. रेकॉर्ड म्हणजे नाटकातलं पद. बालगंधर्व, मास्तर दीनानाथ, केशवराव भोसले. नाहीतर अभंग, नाहीतर लावणी. देव किंवा नाटक किंवा तमाशा, तिन्हीचं ठिकाण ठरलेलं, तिन्हीचं प्रेक्षागृह वेगळं. आणि इथं कुणी वकील येतो, अंगावर शालू नाही, हातात चिपळ्या नाहीत, आणि शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात एखाद्या बाईच्या मनातलं गातो! ताना नाहीत. पल्लेदार आलाप नाहीत. 'वन्स मोअर' मागायला समोर थिएटरच नाही. घरातल्या बायका माजघरात बसून फोनोवर ते ऐकणार, आणि ऐकताना चेहऱ्यावर काय येतं ते ओटीवरच्या पुरुषांना दिसणारसुद्धा नाही. संसाराला धोका म्हणतात तो हाच.

रविकिरण मंडळातले कवी त्याच सुमारास गावोगाव कविता गाऊन दाखवत होते, हे खरं. पण ते सभेत, खुर्च्या मांडून, अध्यक्षांच्या देखत. तबकडीला अध्यक्ष नसतो.

आणि मौज अशी की तबकडी गावोगाव वाजून गेली, लोकांना तोंडपाठ झाली, तरी 'शीळ' नावाचा कवितासंग्रह निघाला 1954 साली! म्हणजे वीस-बावीस वर्षं महाराष्ट्र एका पुस्तकाची जाहिरात गुणगुणत होता आणि पुस्तक बाजारात नव्हतं. आजच्या एखाद्या प्रकाशकाला हे सांगा, चक्कर येऊन पडेल. वकीलसाहेब मात्र मेहकरात आपले निवांत. पुढे 'खूणगाठी'ला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोवर त्यांची पंचाहत्तरी उलटून गेली होती. घाई कशाची असते ती या माणसाला माहीतच नव्हती बहुधा.

जोशींचं तसं नव्हतं. त्यांना चटक लागली. पुढचा पराक्रम तर कानावर हात ठेवून ऐका. किराणा घराण्याच्या गंगूबाई हनगल, सवाई गंधर्वांच्या शिष्या, ज्यांच्या ख्यालापुढे पुढे भल्याभल्यांनी माना झुकवल्या, त्यांनी तरुणपणी या जोशींबरोबर मराठी भावगीतांची द्वंद्वगीतं गायली. होय, द्वंद्वगीतं! चंद्र, नदी, तू तिकडे, मी इकडे, असा सगळा मामला. तबकडीवर नावही गंगूबाई नाही, 'गांधारी हनगल'. नाव बदलून गाणं छापलं की आमच्यासारख्यांच्या संशयाला लगेच पाय फुटतात. रेकॉर्ड कंपनीला ते नाव जास्त गोड वाटलं असेल, एवढंच. पण ती रेकॉर्ड आज लावा. गंगूबाईंचा तो कोवळा, चढा आवाज ऐकून नंतरच्या भारदस्त गंगूबाईंची आठवण ठेवणारा माणूस चमकून रेकॉर्डचं कव्हर उलटून बघतो.

तर असा हा भावगीतवाला वकील. तीसच्या दशकाच्या अखेरीस एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीनं याला चक्क नोकरीवर ठेवला. चोराच्या हाती किल्ल्या! पुढची तीसेक वर्षं देशातला कोणता गवई, कोणती बाई, कोणता वादक रेकॉर्डच्या आत जाणार आणि किती मिनिटं आत राहणार, यात या माणसाचा शब्द चालत होता. बडे गुलाम अली, आमीर खाँ, बेगम अख्तर, तरुण भीमसेन, सगळे याच्यासमोर माईकपुढे बसले. तेव्हाची तबकडी मिनिटाला 78 फेरे घेणारी, एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटं. खाँसाहेब मैफलीत तेवढ्या वेळात नुसता तंबोरा जुळवत. त्यांना घड्याळाकडे बोट दाखवून 'आता समेवर या' म्हणायला वकिलाचंच तोंड हवं. हा काळ त्यांनी 'स्वरगंगेच्या तीरी' या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. कबुलीजबाब म्हणून वाचायला हरकत नाही.

आणि मग लाँगप्ले आली. साडेतीन मिनिटांच्या कोठडीत आयुष्य काढलेल्या माणसाला एकदम एका बाजूला वीस मिनिटांचं अंगण मिळालं. साठीकडे झुकलेल्या या गृहस्थानं काय करावं? 1967 साली त्यांनी तिशीच्या आसपासची तीन पोरं गोळा केली. नावं ऐका आणि प्रत्येकाच्या मागची भानगड ऐका.

एक हरिप्रसाद चौरसिया. अलाहाबादच्या पैलवानाचा मुलगा. बापाला हवा होता आखाड्यात, हा निघाला बासरी फुंकायला. दुसरे ब्रिजभूषण काबरा. जोधपूरकडच्या सुखवस्तू घरातले, सिनेमाच्या वाद्यवृंदात हेलकावे खाणारी हवाईयन गिटार आडवी मांडीवर घेऊन तिच्यावर राग वाजवणारे. घरच्यांनी म्हणे वचनच घेतलं होतं की या वाद्यावर शास्त्रीय सोडून काही वाजवायचं नाही. यावरून त्या गिटारीची समाजात काय पत होती ते कळावं. तिसरे शिवकुमार शर्मा, जम्मूचे, आणि हे सगळ्यांत वाह्यात, कारण यांचं वाद्यच रागदारीच्या पंगतीत बसणारं नव्हतं. तबल्याला माणिकराव पोपटकर, आपला मराठी माणूस, ज्यांचं नाव रेकॉर्डचं कौतुक करणारे शंभरातले नव्वद लोक घेत नाहीत. त्याला म्हणतात साथ करणं.

रेकॉर्डचं नाव 'कॉल ऑफ द व्हॅली'. इंग्रजी! विषय? काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस. पहाटे अहिर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस, शेवटी पहाडी. म्हणजे एका मेंढपाळाला दिवसभरात सहा राग! आमच्या गवयाला एक भैरव मांडायला तास पुरत नाही, आणि हा मेंढरं हाकता हाकता दोन दोन भैरव हातावेगळे करतो. वर प्रेयसी, भेटीगाठी, चांदणं हे आहेच. मेंढरांकडे कोण बघत होतं देव जाणे.

शुद्धतावाद्यांच्या पोटात गोळा आला तर नवल नाही. पण त्यांची जुनी तक्रार रेकॉर्डपेक्षा संतूरवर होती, आणि ती थोडी जवळून बघण्यासारखी आहे. समलंब चौकोनी लाकडी पेटी, तिच्यावर घोड्यांच्या रांगा, त्यांवरून ताणलेल्या तारा, आणि वादकाच्या बोटांत अक्रोडाच्या लाकडाच्या दोन हलक्या कलमा. कलम तारेवर पडलं की सूर उमटतो आणि लगेच विरायला लागतो. आता आपलं सगळं संगीत उभं आहे मींडेवर, एका सुरातून दुसऱ्यात घरंगळत जाण्यावर. सतारीची तार ओढता येते, सारंगीवर नख सरकवता येतं, गळा तर मोकळाच आहे. टोला मारून सोडलेल्या तारेनं घरंगळायचं कसं? 1955 साली मुंबईत सतरा वर्षांच्या शिवकुमारांनी हे वाद्य मोठ्या संगीत संमेलनात वाजवलं तेव्हापासून जाणकार हेच सांगत होते की पोरा, तबला चांगला वाजवतोस, हे सोड. पोरानं सोडलं नाही. तारांची मांडणी बदलली, वाद्य लाकडी तिवईवरून उचलून मांडीवर घेतलं म्हणजे नको ती गुंज कमी होईल, आणि कलम तारेवर आपटण्याऐवजी हलकेच घासत, थरथरवत नेलं. आता सूर जोडल्यासारखे ऐकू येतात. जोडलेले नसतात, कान फसतो. पण इतक्या सफाईनं फसवणाऱ्याला आपण कलावंत म्हणतो.

म्हणजे सोपं, गुळगुळीत, कानाला न बोचणारं म्हणून ज्याला नाक मुरडायचं, त्यातला गुळगुळीतपणा हा बारा वर्षांच्या घासूनपुसून केलेल्या कामाचा. रेकॉर्डमधला भूप ऐका. पाच सुरांचा राग, शाळेतल्या पोरालाही शिकवतात तो. संतूर, बासरी, गिटार एकमेकांना वाट देत त्यात फिरतात, कुणी कुणाच्या पुढे घुसत नाही. तीन तरुण वादक आणि एकालाही 'बघा माझी तयारी' म्हणावंसं वाटत नाही, हा चमत्कार आहे. माझं मत विचाराल तर शेवटची पहाडी जरा जास्तच गोड आहे. पिलूवर मात्र मी काही ऐकून घेणार नाही.

रेकॉर्ड खपली, आणि देशातच नाही. परदेशात ती पोचली, आणि बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनसारखा माणूस तिचा चाहता निघाला, असं सगळीकडे सांगतात. एवढं झाल्यावर आपल्याकडच्या नाक मुरडणाऱ्यांची पंचाईत झाली. गोऱ्यानं चांगलं म्हटलेलं वाईट कसं म्हणायचं? मग 'वेगळा प्रयोग' असा शब्द काढला गेला. आणि पुढे शिवकुमार-हरिप्रसाद जोडी 'शिव-हरि' नावानं थेट सिनेमातच शिरली. 1981 च्या 'सिलसिला'ला संगीत त्यांचंच.

गोड वाजतं म्हणून गहजब करण्यात आपण काही नवखे नाही. पेटीचंच घ्या. देवळात, नाटकात, तमाशात, भजनात जी पेटी, तिला आकाशवाणीनं 1940 साली दार बंद केलं ते 1971 पर्यंत. कारण काय? सूर ठरलेले, मींड निघत नाही, परदेशी पेटारा! तीस वर्षं गोविंदराव टेंब्यांचं हे लाडकं वाद्य रेडिओच्या दाराबाहेर उभं होतं आणि आत गवई तिच्याविना घसा फोडत होते. त्याच काळात, 1952 मध्ये, बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपारच केली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. अमीन सायानींची बिनाका गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. पाच वर्षांनी विविध भारती काढून सरकारनं गुपचूप माघार घेतली. कानाला गोड लागलेलं काढून घेता येत नाही, एवढं शहाणपण यायला दिल्लीला पाच वर्षं लागतात. आमच्या चिखलीच्या मावशीला एक पंगत पुरली, पण ते पुढे.

बाहेरही हेच नाटक. अमेरिकेत जॅझवाल्यांच्या घरात 'स्मूद जॅझ' नावाचं कार्टं निघालं तेव्हा काय आकांत झाला! बॉब जेम्ससारखे पियानोवाले मऊ, लोण्यासारखे अल्बम काढायला लागले आणि जाणकारांनी 'हे लिफ्टमध्ये वाजवायचं संगीत' म्हणून हिणवलं. तिकडे सॅक्सोफोनवाल्या केनी जीनं लुई आर्मस्ट्राँगच्या जुन्या गाण्यावर आपली सॅक्सोफोनची पट्टी चिकटवली, तर पॅट मेथेनी नावाचा गिटारवाला 2000 साली एवढा भडकला की शिव्यांची लाखोली जगभर गाजली. केनी जीला काही झालं नाही. चीनमध्ये दुकानं बंद करायची वेळ झाली की त्याचंच 'गोइंग होम' वाजतं आणि लोक मुकाट्यानं पिशव्या उचलून घरी जातात. आपल्याकडे रिचर्ड क्लेडरमनच्या पियानोच्या कॅसेटी आल्या तेव्हा ज्यांच्या घरी पियानो सोडा, साधी पेटीसुद्धा नव्हती, त्यांनी त्या शोकेसमध्ये मांडून ठेवल्या. पाहुणा आला की लावायच्या. पाहुणा गेला की उषा मंगेशकर.

तेव्हा माझा मुद्दा एवढाच, आणि तो मी कट्ट्यावर छाती ठोकून मांडला: ही साथ बाहेरून आलेली नाही. मेहकरच्या वकिलानं रानातल्या शिळेचं वकीलपत्र घेतलं, दुसऱ्या वकिलानं ती शीळ घराघरात नेली, आणि पस्तीस वर्षांनी त्याच दुसऱ्या वकिलानं काश्मिरातल्या मेंढपाळाचं वकीलपत्र घेऊन दाताच्या दवाखान्याची कायमची सोय करून ठेवली. हळू आवाजात, एकट्यासाठी, कुणालाही न दुखावता वाजणारं संगीत! बदनामीच करायची तर जिल्ह्यानं अभिमानानं करावी. मेहकरला लोक कंचनीचा महाल बघायला जातात, त्यावरून ना. घं.च्या एका संग्रहाचं नावही आहे. पण या गावातून मराठी कानाची आवड फिरली हे सांगणारा माणूस मला तिथं भेटला नाही. चहावाल्यानं मात्र ना. घं.चं नाव काढल्यावर चहा फुकट दिला, हे नमूद करते.

कट्ट्यावरचे लोक ऐकतात थोडेच. "मंग त्या वकिलाले कोर्टात खेचा," एवढाच निकाल लागला आणि चर्चा कापसाच्या भावावर गेली.

आणि हो, चिखलीच्या त्या मावशीचं राहिलंच. पंगत उठली, विडे झाले, तेव्हा मावशी स्पीकरवाल्या पोराजवळ उभी. मला वाटलं, आता झापते. ती विचारत होती, "हे माह्या मोबाईलमंधी टाकून देतं का रे बाप्पू? रात्री झोप नाही लागत मले."

तिथून परतताना लोणारच्या रस्त्याला मेंढ्यांचा कळप आडवा आला. गाडी थांबवावीच लागली. मुंडासं बांधलेला धनगर काठी टेकून शेजारी उभा राहिला, पुढे त्याची बायको घोड्यावर बिऱ्हाड लादून चाललेली. गाडीत भूप चालू होता. म्हटलं, आयताच तज्ज्ञ साक्षीदार सापडला. काच खाली केली आणि सांगितलं, "दादा, हे मेंढपाळाचं गाणं आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा त्याचा दिवस आहे यात."

त्यानं कान देऊन ऐकलं. बराच वेळ ऐकलं. संतूर संपून बासरी आली तेव्हा मानही डोलावली. मग म्हणाला, "वाजवलं ब्येस हाये, ताई. पण यात एकबी मेंढरू ओरडत नाही. कुत्रंबी नाही. हा राखतो काय मंग?"

वकिलांनी उत्तर द्यावं.